आवाजाची आणेवारी

खरिपाचा हंगाम सरत आला की आमच्या असोद्यात आणेवारीची बोलणी सुरू होतात. सरकारी कागदावर आता तिला पैसेवारी म्हणतात. १९५७ साली दशमान नाणी आली आणि आणे व्यवहारातून गेले, पण कपाशीच्या वावरात उभा राहून पिकाबद्दल बोलणारा माणूस अजून आण्यांतच बोलतो. यंदा दहा आणे, यंदा सहाच. आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम, असे तिचे टप्पे असतात. ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, वजन करायचं आणि नेहमीच्या उताऱ्याशी ताडून पाहायचं. आकडा पन्नास पैशांच्या आत आला तर गाव टंचाईत धरलं जातं आणि साऱ्यापासून मुलांच्या परीक्षा फीपर्यंतच्या सवलती त्यावर ठरतात. त्यामुळे या एका आकड्यावरून पारावर रात्र रात्र वाद चालतात.

ज्यांनी मला गायला उभं केलं, त्या आप्पांनी उभी हयात ही आणेवारी केली. ते तलाठी होते. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या सज्जांवर नोकरी करून ते निवृत्त झाले आणि आमच्या आळीत राहायला आले. पेटी उत्तम वाजवायचे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा त्यांनी नोकरी सांभाळून, रजा काढून, मध्यमा पूर्णपर्यंत दिल्या होत्या. गावच्या भजनी मंडळात पेटी त्यांच्याकडेच असायची. मी आज गाणं शिकवून जगते, आणि शिकवताना जे काही खात्रीनं करते त्यातलं बहुतेक सगळं आप्पांचं आहे. ते कुणी मांडून ठेवलेलं नाही, म्हणून मी मांडते आहे.

असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. २४ ऑगस्ट १८८० ला महाजनांच्या घरात त्यांचा जन्म झाला आणि तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींकडे गेल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईनं जात्यावर, वावरात, चुलीपुढं काम करता करता रचना केल्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या एका मावसभावानं त्यातल्या काही टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. नंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक निघालं. हे आमच्या गावातल्या पोराटोरांना पाठ असतं. त्यामुळे असोद्याच्या मुलीला बहिणाबाईंचं गाणं आलंच पाहिजे, असं गावच नव्हे, पाहुणेसुद्धा धरून चालतात. लग्नाला गेलं तरी कुणीतरी म्हणणारच, असोद्याची ना तू, म्हण की एखादं.

मला गाणी येत होती. घरात आजीच्या मागे मी ओव्या म्हणायची. गुलाबाईत तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी मुलींच्या घोळक्यात टिपऱ्या घेऊन गायचं, घरोघर जायचं, डब्यातला खाऊ ओळखायचा. त्या घोळक्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर जायचा असं माय सांगते. पण एकटीला उभं केलं की तो छातीतून वर येत नसे. एका ३ डिसेंबरला शाळेत बहिणाबाईंच्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता. मला गायचं होतं. चाल ‘मानिनी’ चित्रपटातली, वसंत पवारांची, रेडिओवर शंभरदा ऐकलेली. पहिलं कडवं झालं आणि दुसऱ्याला घसा मिटला. शब्द आठवत होते, सूर कानात होता, पण आवाजच निघेना. पेटीवर आप्पा होते. त्यांनी भाता थांबवला नाही. उरलेली दोन कडवी पेटीनं म्हटली, शेवटचा सूर सोडला आणि मान हलवून मला बसायला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं पुरं झालं होतं ना.

त्यानंतर भेटेल तो मला धीर देत होता. घाबरायचं काय त्यात, तुला तर किती छान येतं, आत्मविश्वास पाहिजे पोरी. सगळे मायेनं बोलत होते, आणि त्या प्रत्येक वाक्यानं मी आणखी आत जात होते. कारण आत्मविश्वास ही जर काहीतरी वस्तू असेल आणि ती माझ्याकडे नसेल, तर ती आणायची कुठून हे कुणीच सांगत नव्हतं. आप्पा दुसऱ्या दिवशी घरी आले, ओट्यावर वडलांशी पावसापाण्याचं बोलले आणि जाताना म्हणाले, “पोरीले संध्याकायी धाडत जा.”

पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला गायला लावलं नाही. एक लांबट, जाड पुठ्ठ्याची कोरी वही काढली. गाव नमुना बाराचा पीक पाहणीचा कागद असतो ना, तसे त्यात उभे रकाने आखले. तारीख. काय गायचं. कोणासमोर. आधीचे आणे. नंतरचे आणे. आणि शेवटचा रकाना, हवा. मग विचारलं, “सा लाव म्हटलं आन् दम सुटेपर्यंत धरून ठेव म्हटलं, तं किती आने जमीन?” मी म्हटलं, मला गाता येत नाही आप्पा. ते म्हणाले, “गाता येतं का, हे मी इचारलंच नाही. बांधावून पीक नको सांगू. सा लागीन का, तेवढं सांग.”

मी म्हटलं बारा. तो आकडा त्यांनी मला लिहायला लावला. ‘कोणासमोर’ या रकान्यात त्यांनी स्वतः ‘आप्पा’ लिहिलं. मग त्यांनी काकूंना आतून बोलावून माझ्यासमोर बसवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी म्हटलं नऊ. मग म्हणाले, समज मंडळातले तिघं जण इथं ओट्यावर बसले आहेत. मी म्हटलं चार. सूर तोच, गळा तोच, संध्याकाळ तीच, आणि एकाच पानावर बारा, नऊ, चार असे तीन आकडे. ते पान पाहताना मला जे हलकं वाटलं ते अजून आठवतं. मला सगळंच येत नाही असं नव्हतं. चार लोकांसमोर सा धरणं ही एक गोष्ट चार आण्यांवर होती, बस. तेवढ्याचं काहीतरी करता येण्यासारखं होतं.

वहीचा नियम असा की एका ओळीत एकच गोष्ट. ‘भीमपलास’ असं लिहायला परवानगी नव्हती. भीमपलासाच्या बंदिशीचा मुखडा समेवर येणं, ही एक ओळ. अंतऱ्याचा तार सा, ही दुसरी. ठेका सोडून आठ मात्रांची तान घेऊन परत मुखडा पकडणं, ही तिसरी. तीनतालाच्या मात्रा सोळा आणि रुपयाचे आणेही सोळा, याचा आप्पांना फार आनंद वाटायचा. हाताच्या बोटांच्या पेरांवर ते दोन्ही मोजून दाखवायचे. गाऊन झालं की दुसरा आकडा आधी मी सांगायचा, मग ते त्यांचा सांगायचे. त्यांचं बोलणं कधी ‘वा’ किंवा ‘छान’ असं नसे. दुसऱ्या आवर्तनात निषाद कोमल लागला, तिसऱ्यात चढला, असं सांगायचे. कौतुक मिळालं नाही म्हणून मी हिरमुसले असेन, पण जेव्हा ते म्हणाले की आज मुखडा तिन्ही वेळा समेवर आला, तेव्हा त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती. ते मला पुरायचं, आणि पुढच्या वेळचा आधीचा आकडा आपोआप वर जायचा.

हवेच्या रकान्याबद्दल थोडं सांगायला हवं. एकदा मी म्हटलं, आप्पा, हात गार पडलेत, तोंडाला कोरड पडली आहे, आज दोनच आणे लिहिते. ते म्हणाले, “हात गार हाये ते हवेच्या घरात लिही. आने गयाचे हायेत, हाताचे नाही.” ढगाळ आहे म्हणून कुणी उभ्या पिकाचं वजन कमी धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी हवेच्या रकान्यात रोज लिहू लागले: हात गार, पाय थरथर, पोटात गोळा, कान गरम. आणि पाच-सहा पानं भरल्यावर मागं वळून पाहिलं, तर हात गार असलेल्या दिवशीही मुखडा समेवर आलेला होता. हात गार नसलेल्या दिवशी तो चुकलेलाही होता. हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. माझ्याच अक्षरातलं होतं म्हणून मानलं.

‘कोणासमोर’ या रकान्यात मोठी माणसं यायला लागली ती भजनी मंडळामुळे. शहरातल्या गायनवर्गांना हेवा वाटावा अशी एक व्यवस्था वारकरी भजनात किती काळापासून चालत आली आहे. नवा माणूस आला की टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहतो. काही दिवस नुसता टाळ. मग धृपद धरतो. म्हणजे पुढच्यानं चरण म्हटला की सगळ्यांबरोबर धृपद उचलतो, चुकला तरी पखवाजाच्या आणि टाळांच्या गजरात ते विरून जातं. मग कधीतरी पुढचा दमला की मागे वळून खूण करतो आणि एक चरण याच्या वाट्याला येतो. पुढं पूर्ण अभंग, त्याच्याही पुढं गौळण. कुणी कुणाला आता तू पुढं ये असं जाहीर करत नाही. परीक्षा नसते, पण पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर मागे उभी असलेली माणसं असतात.

मुलीला मात्र त्या रांगेत जागा नव्हती. बायकांचा हरिपाठ वेगळा आणि पुरुषांचं भजन वेगळं, असा त्या काळचा रिवाज. आप्पांनी त्यावर भाषण केलं नाही. सप्ताहात त्यांनी मला पेटीच्या डाव्या हाताला बसवलं, भाता मारायला. भाता मारायला बसलेल्या पोरीला कोण काय म्हणणार? दोन दिवसांनी भाता मारता मारता मी धृपद धरायला लागले. चौथ्या दिवशी मंडळातले एक म्हातारे, ज्यांची मला सगळ्यांत जास्त भीती होती, टाळ वाजवता वाजवता माझ्याकडे पाहून मान हलवू लागले. सप्ताहाच्या शेवटच्या रात्री त्यांनीच मला चरण दिला. मुक्ताईचा अभंग होता. आमच्या भागात मुक्ताई कोथळी-मेहुणची, म्हणजे घरचीच. मी गायले. वहीत त्या रात्री ‘कोणासमोर’ या रकान्यात आप्पांनी ‘गाव’ एवढाच शब्द लिहिला. आधीचे आणे सात होते, नंतरचे अकरा.

आमच्याबरोबर शिकणारा एक मुलगा होता. तो आधीच्या रकान्यात नेहमी सोळा सांगायचा आणि नंतरच्यातही सोळा. आवाज मोकळा, धीट मुलगा. ताल मात्र सुटायचा. मला वाटायचं आप्पा त्याला रागावतील. त्यांनी जळगावहून एक कॅसेट रेकॉर्डर आणला. गाऊन झाल्यावर आकडा लगेच लिहायचा नाही, आधी टेप ऐकायची, आपल्याच हातानं ताल धरायचा आणि मग लिहायचा, एवढा फेरफार केला. त्याचे नंतरचे आणे घसरत नवावर आले. आधीचे त्यामागून उतरत तेरावर थांबले. पुढं तो तालावर मेहनत करू लागला, तेव्हा नंतरचे चढून बारावर आले. आप्पा त्या पानावर फार खूश होते. त्यांचं मत असं की आधीचा आकडा नंतरच्यापेक्षा आणा-दीड आणा वर असलेलाच बरा. अगदी बरोबर आला तर माणूस नवं काही करून पाहत नाही, आणि फार वर गेला तर रियाज करत नाही. माझा आधीचा कायम खाली असायचा. तो वर आणायला त्यांना त्या मुलाच्या तिप्पट वेळ लागला. घाबरणाऱ्या मुलांसाठी जास्त वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो. गायनवर्ग चालवणाऱ्या कित्येक जणांना हे पटत नाही, कारण धीट मूल लगेच स्टेजवर दिसतं आणि वर्गाचं नाव होतं.

प्रवेशिकेच्या परीक्षेला आम्ही जळगावला निघालो. असोदा रस्त्यावरचं रेल्वे फाटक बंद होतं. मुंबईकडून भुसावळकडे जाणारी लांबलचक मालगाडी संथ चालली होती. आप्पांनी पिशवीतून वही काढली आणि फाटकापाशी उभ्या उभ्या एकेक ओळ विचारू लागले. आलाप किती, मुखडा किती, पलटे किती, टाळी देऊन ठेक्याची दुगुण म्हणणं किती. मी आकडे सांगत होते. एका ओळीवर, परीक्षकानं सूर वाजवला तर ओळखणं, मी तीन म्हटलं. त्यांनी मला तीन लिहायला लावलं, काही बोलले नाहीत.

ही परीक्षा पद्धतही आपल्याकडं फार जुनी नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तोवर गाणं शिकणं म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या घरात, एखाद्या गुरूपाशी वर्षानुवर्षं राहणं. पलुस्करांनी वर्ग केले, क्रमिक पुस्तकं केली, मुलांना लोकांसमोर गायला बसवलं. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी परीक्षा घेणारं हे मंडळ स्थापन केलं. त्यामुळे शेतकऱ्याच्या पोरीलाही गाणं खुलं झालं. त्याबरोबर एक नवी अवघड जागाही तयार झाली: अनोळखी परीक्षकासमोरची सतरंजी. आमच्या आजीनं आणि बहिणाबाईंनी गायलं ते हाताला काम असताना, ऐकणारं कुणी असो वा नसो. त्यांच्या गाण्यापुढं आत्मविश्वासाचा प्रश्न उभाच राहिला नाही. तो सतरंजीवर उभा राहतो. जात्यावरचं गाणं श्रेष्ठ आणि परीक्षेचं कनिष्ठ असं म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते मान्य नाही. जात्यावर गाणारीला सतरंजीवरही बसता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कुणीतरी मधल्या पायऱ्या बांधून दिल्या पाहिजेत.

परीक्षकांनी मला जे विचारलं त्यातलं बहुतेक आलं. मग त्यांनी पेटीवर तीन सूर वाजवले आणि विचारलं, कोणते? मी म्हटलं, सर, हे मला अजून नीट येत नाही. माझा आवाज शांत होता. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, एकच सूर वाजवला आणि पुन्हा विचारलं. तो मी ओळखला. न येणारी गोष्ट तीन आण्यांची आहे हे फाटकापाशीच माहीत होतं, म्हणून तिनं बाकीच्या बारा-तेरा आण्यांच्या गोष्टी बरोबर ओढून नेल्या नाहीत. काय येत नाही हे नेमकं ठाऊक असणं हाही भरवशाचाच भाग आहे, हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून मी ते मुलांना पहिल्या महिन्यात शिकवते.

जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात संगीत घेऊन मी पदवी केली आणि पुढं पुण्याला शिक्षणशास्त्र शिकायला गेले. तिथं जयकर ग्रंथालयात अल्बर्ट बांडुरा हे नाव पहिल्यांदा वाचलं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, मुंडेर नावाच्या लहानशा गावात जन्मलेले हे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा १९७७ चा निबंध सांगतो की ‘माझ्यात आत्मविश्वास आहे का’ हा प्रश्नच फार मोठा आणि भोंगळ आहे. अमुक काम, अमुक परिस्थितीत, मला करता येईल का, असं विचारा. मोजायचं तर शंभराच्या मापावर मोजा, सोप्यापासून अवघडापर्यंत एकेक ओळ मांडून. हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहिलेलं, विश्वासाच्या माणसानं सांगितलेलं, आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. पहिली वाट सगळ्यांत पक्की. वाचता वाचता मी उठून ग्रंथालयाबाहेर गेले. व्हरांड्यात उभी राहिले तेव्हा समोर ते सहा रकाने दिसत होते.

पुढं या विषयाचं मिळेल ते वाचलं. ऑस्ट्रेलियात गॅरी मॅकफर्सन आणि जॉन मॅककॉर्मिक यांनी वाद्यसंगीताच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या खोलीत जाण्याच्या अगदी आधी प्रश्नावली दिली. रियाज किती करता, चिंता किती वाटते आणि आज जमेल असं किती वाटतं, असे त्यांचे प्रश्न होते. २००६ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात निकालाचा सगळ्यांत चांगला अंदाज ‘आज जमेल’ या उत्तरावरून आला. रियाजाला कमी लेखावं असा याचा अर्थ नव्हे, रियाज तर हवाच. पण केलेला रियाज त्या खोलीत बरोबर येईल की दाराबाहेर राहील, हे त्या भरवशावर ठरतं. इंग्लंडमध्ये लॉरा रिची आणि एरन विल्यमन यांनी २०११ मध्ये आणखी एक भेद दाखवला. गाणं शिकता येईल हा विश्वास वेगळा आणि ते लोकांसमोर सादर करता येईल हा वेगळा. दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात. बारा, नऊ, चार हे माझ्या पहिल्या पानावरचे आकडे त्याच जातीचे. रॉबर्ट झायंस यांनी तर १९६५ सालीच मांडलं होतं की बघणारे लोक असले की घोटून पक्कं झालेलं काम अधिक चांगलं होतं आणि कच्चं काम अधिक बिघडतं. म्हणून कच्च्या बंदिशीसाठी श्रोते जमवायचे नाहीत. आप्पा कच्ची ओळ काकूंसमोरसुद्धा गाऊ देत नसत.

एका बाबतीत मात्र आप्पांची वही या प्रश्नावल्यांपेक्षा पुढं होती असं मला आजही वाटतं. त्या खोलीत जाण्याआधी विचारतात. आप्पा नंतरही विचारायचे, आणि दोन्ही आकडे एका ओळीत शेजारी शेजारी ठेवायचे. संशोधकाला पुष्कळ मुलांबद्दल काही समजून घ्यायचं असतं, त्याला आधीचा आकडा पुरतो. शिक्षकाला समोरच्या एका मुलाला पुढं न्यायचं असतं. ते मूल स्वतःच दोन आकड्यांमधलं अंतर पाहतं, तिथून ते हलतं.

आप्पा फी घेत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, मोजून, आणि त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहून. एक वर्ष पाऊस गेला, कपाशी गेली, आणि वडील फी द्यायला गेले तर त्यांनी पैसे परत केले. म्हणाले, “पन्नास पैशाच्या आत आनेवारी आली का सरकार सारा सोडतं, मंग म्या काहून घ्यावं?” वडलांना मिंधं वाटू नये म्हणून त्यांनी तो सरकारी नियमच करून टाकला. पुढच्या हंगामात भरताची वांगी चांगली आली तेव्हा वडील एक मोठी टोपली घेऊन गेले. आप्पांनी ती ठेवून घेतली आणि मंडळातल्या सगळ्यांना भरीत-भाकरी घातली. तुराट्यांवर वांगी भाजायला वडील स्वतः बसले होते. फीचा हिशोब त्यानंतर त्या दोघांत कधी निघाला नाही.

माझं लग्न, पुणं, नोकरी यांत गाव सुटत गेलं. जळगावला जानेवारीत बालगंधर्व संगीत महोत्सव असतो, त्याला मी येत असे आणि आप्पा तिथं पहिल्या रांगांपासून जरा मागे, आवाज नीट ऐकू येईल अशा जागी बसलेले सापडत. शेवटच्या वेळी भेटले तेव्हा ऐकू कमी येत होतं. तरी विचारलं, पोरं किती हायेत तुह्याकडे, आन् त्यातली भेदरट किती? धीट किती हे त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या माघारी काकूंनी ती वही मला दिली. तिच्यात माझ्याबरोबरच्या आणि नंतरच्या कितीतरी मुलांची पानं आहेत. कुठल्याही पानावर त्यांचा स्वतःचा शेरा नाही. आकडे मुलांचे, अक्षरही मुलांचंच. फक्त ‘कोणासमोर’ हा रकाना ते स्वतः भरत.

काही वर्षांपूर्वी मी जळगावला परतले आणि वर्ग सुरू केला. आता कॅसेटच्या जागी मोबाइल आहे. मुलं गातात, लगेच ऐकतात, लगेच कुणाला तरी पाठवतात आणि अंगठ्यांची, हृदयांची चित्रं मोजतात. टीव्हीवरच्या स्पर्धा पाहून पालक विचारतात, स्टेजवर कधी उभं करणार? मी त्यांना वही दाखवते. काहींना पटतं, काही दुसरा वर्ग शोधतात. पाठवायचंच असेल तर आधी नंतरचा आकडा लिहा आणि मग पाठवा, एवढं मी मुलांकडून करून घेते. दुसऱ्यांची दाद येण्याआधी स्वतःचं मत कागदावर असलं पाहिजे.

सगळं त्या रकान्यांत बसतं असंही नाही. सध्या माझ्याकडे असोद्याहून येणारी एक मुलगी आहे. आधीचे पाच लिहिते, बारा आण्यांचं गाते आणि नंतरचे सहा लिहिते. टेप ऐकवून पाहिली, ओळी आणखी बारीक करून पाहिल्या, हवेचा रकाना तर तिनं काठोकाठ भरला आहे. आकडा हलत नाही. आप्पांच्या वहीत अशा मुलीचं पान मी शोधलं, मिळालं नाही. मग बांडुरांची दुसरी वाट धरली, पण उलटी करून. तिला दुसऱ्यांकडं बघायला न लावता, धाकट्या मुलींना तिच्याकडं बघू दिलं. गुलाबाईची गाणी त्यांच्याकडून बसवून घ्यायचं काम तिला दिलं आहे. ती त्यांचे आणे विचारते, लिहून घेते, त्यांनी कमी सांगितले तर वाद घालते. परवा एका लहानगीनं तिला उलट विचारलं, ताई, तुझे किती? ती माझ्याकडे बघायला लागली. मी काही बोलले नाही. तिनं आठ सांगितले.

नोव्हेंबरच्या सत्राचे परीक्षेचे अर्ज सुटले आहेत. तिचा भरायचा की नाही हे तिच्यावर सोडलं आहे, मुदतीला अजून अवधी आहे. येत्या एकादशीला असोद्याच्या मंडळात पेटीवर मी बसणार आहे आणि धृपद धरायला तिला बरोबर नेणार आहे. आता तिथं मुलींना भाता मारायच्या निमित्तानं बसावं लागत नाही.